रोमिनाचं मानसशास्त्र आणि माझे दात

५ नोव्हेंबर, रविवार
जेवताना रोमिनाने जाहीर केलं, कॉलेजात मानसशास्त्र घेणार. रावियोली घशात अडकली. लेकीची लेक, माझ्या हाताखाली वाढली, आणि ही अक्कल. या ब्वेनोस आयरेसमध्ये दगड भिरकावला तर मानसशास्त्रवाल्याला लागतो, नाहीतर त्याच्या पेशंटला. तिला म्हटलं, अकाउंटिंग घे, आकडे रडत नाहीत. तर मलाच विचारते, आजी, तू कधी गेलीस का तसल्या कुणाकडे? म्हटलं, आपल्यात वेडं कुणी नाही.
निश्चय : तिच्या निर्णयात पडायचं नाही. फक्त नाव घालायच्या आत तो बदलायचा.

९ नोव्हेंबर
शत्रूचं घर आतून पाहिलेलं बरं. फळवाल्या नोर्माने तिच्या मानसशास्त्रवाल्या बाईंचा पत्ता दिला. चांगला खाटीक सुचवावा तसा. एकदाच जायचं, तोंड उघडायचं नाही, थोतांड पकडून परत. रोमिनाला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जाणार आहे.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
गेले. लिफ्टमध्ये खाटकाची बायको. मी भिंतीकडे तोंड केलं, तर ती मोठ्याने, अय्या, तुम्हीपण सिल्बिनाबाईंकडे? काळा चष्मा फुकट गेला.
बाई म्हणाल्या, सोफ्यावर आडव्या व्हा. म्हटलं, मेल्यावर होईन. खुर्चीतच बसले. काही बोलले नाही. म्हणजे सुरुवातीला. मग नवऱ्याचं निघालं, लेकीचं निघालं, नोर्माच्या आंबट स्ट्रॉबेरीचंही. ऐन रंगात आले तर बाई म्हणतात, आज इथेच थांबू. मी तीस वर्षं कपडे शिवले, अर्धी बाही शिवून पैसे नाही घेतले.
नोर्मा म्हणाली, ती रीतच आहे गं, नेमक्या शब्दावर तोडतात, मग तो आठवडाभर डोक्यात फिरतो. कसला फिरतो. शब्द 'एकटी' होता, अजून आठवतोय एवढंच.
पुढच्या गुरुवारी उरलेला वेळ वसूल करून येते.

७ डिसेंबर, गुरुवार
पुरावा अजून पुरेसा नाही. एका फेरीत चोर सापडतो का? आज सोफ्यावर आडवी झाले, कंबर दुखत होती म्हणून. रोमिना म्हणाली, दर गुरुवारी दात? आजी, तोंडात उरलेत तरी किती? म्हटलं, आजोबांवर जाऊ नकोस, तेही असेच खोदून विचारायचे.

१४ डिसेंबर, गुरुवार
काल माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पिताना पोरीला धुतली. म्हटलं, परक्या बाईपुढे पैसे देऊन घरातलं बोलणारी माणसं निलाजरी. शहाणं माणूस गिळून बसतं. ती किटलीतलं पाणी माझ्या मातेच्या भांड्यात ओतत राहिली, ते भरून वाहिलं तरी. मला अजिबात वाईट वाटलं नाही.
आज बाईंना तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, अजिबात? आणि तिथेच तोडलं. पूर्ण पैसे.

२८ डिसेंबर, गुरुवार
जिंकले. रोमिनाने अकाउंटिंगला नाव घातलं. म्हणाली, तुझंच खरं, आजी. तू जन्मात कुणापुढे रडली नाहीस, मलाही तसंच व्हायचंय. माझ्या गालाचा मुका घेतला.
नोर्माला आनंदाने सांगायला गेले. ती म्हणाली, बरं झालं. आणि तू दर गुरुवारी कुठे जातेस, ते सांगितलंस का पोरीला?
मी टोमॅटो चाचपत राहिले. एकही न घेता घरी आले. मग बाईंकडे गेले.

११ जानेवारी, गुरुवार
बाईंना सगळं सांगून टाकलं, दातांचं खोटंही. मी मान खाली घालून वाट बघत होते, आता तोडतील, आता तोडतील. नाही तोडलं. आज पहिल्यांदा पूर्ण वेळ दिला. इतका वेळ मला नको होता.

१ फेब्रुवारी, गुरुवार
फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, शहरातले झाडून सगळे मानसशास्त्रवाले समुद्रावर जातात. मागे आम्ही. सिल्बिनाबाईही गेल्या, मार्चमध्ये येतील. तरी तयार होऊन त्यांच्या इमारतीपर्यंत जाऊन आले. पायांना सवय झालीय, दुसरं काही नाही.
घरी रोमिना अकाउंटिंगचं पुस्तक घेऊन बसली होती. तेच पान सकाळपासून. तिने विचारलं, दात बरे आहेत का आता? म्हटलं, हो. मग खाली बघूनच म्हणाली, विषय बदलायला या महिनाअखेरपर्यंत मुदत आहे म्हणे, उगीच आपलं कळलं.
मी तिला सांगणारच आहे. कसं सांगायचं ते एकदा बाईंना विचारलं, की लगेच.