दाऊद ग्रेडरच्या ब्लॉगची आणि उरलेल्या मिळकतीची निरवानिरव

मी, शेख दाऊद शेख गफूर, वय वर्षे ६६, धंदा पूर्वी सरकारी कापूस संकलन केंद्रावर ग्रेडर, हल्ली पुस्तकांचा ब्लॉगर, राहणार चांदूर बाजार, जिल्हा अमरावती, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाशिवाय आणि चहा पिऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला काहीही झालेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे. परंतु आमच्या गल्लीतले एक गृहस्थ मृत्युपत्र न करता गेले आणि त्यांची मुलं छताच्या पंख्यावरून वर्षभर भांडली. ते पाहून मला हुरूप आला.

कलम १. घर आणि बँकेतली ठेव शरीयतप्रमाणे ज्याची त्याला जाईल. त्यात पत्नी कुलसुमबी आणि मुलगा जुबेर यांनी माझं मत धरू नये. जिवंतपणीही कधी धरलं नाही. एक तृतीयांशावर तेवढा माझा शब्द चालतो. त्या एक तृतीयांशात मी पुस्तकं, ब्लॉग आणि माझी भांडणं बसवली आहेत.

कलम २. पुस्तकांची तिन्ही कपाटं जुबेरची मुलगी नगमा हिला द्यावीत. ती अकोल्याला कॉलेजात शिकते आणि पुस्तक उलटं ठेवून झोपत नाही. लेखकांनी स्वाक्षरी करून भेट दिलेली पुस्तकं वेगळ्या खोक्यात आहेत. ती तिने वाचलीच पाहिजेत असं नाही. मी वाचली आहेत, तेवढं घराण्याला पुरे.

कलम ३. कापसाच्या नमुन्यांची पेटी आणि भिंगही नगमालाच. ही पेटी कशाची, ते तिला कळावं म्हणून लिहितो. हंगामात अकोल्याच्या केंद्रावर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची. आमचं काम असं की बंडीवर चढायचं, मधून मूठभर कापूस उपसायचा, चिमटीत धागा ओढून पाहायचा आणि मालकाच्या तोंडावर त्याची प्रत सांगायची. चिठ्ठीवर लिहून पळून जायची सोय नव्हती. मालकाच्या हातात बैलं हाकायची तुतारी, आणि त्याच्या मागं रांगेतले सगळे कान टवकारून. शिव्या मी पोतंभर खाल्ल्या, पण वजन वाढवायला पाणी मारलेला कापूस चांगला म्हणून कधी तोलू दिला नाही. आणि गंमत अशी, की शिव्या देऊन झाल्या की तोच मालक मला कँटीनवर घेऊन जायचा. त्या नोकरीत मी फार सुखी होतो.

कलम ४. ब्लॉग. नाव ‘कापूस आणि कागद’. पासवर्ड कुलसुमबीला ठाऊक आहे, कारण मी तो दर आठवड्याला विसरतो. निवृत्तीनंतर जुबेरने जुना कॉम्प्युटर घरी आणून टाकला आणि मी दोन बोटांनी पुस्तकांची प्रत सांगू लागलो. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि ब्लॉगवर मराठी, असा माझा कारभार. पहिलं वर्ष मजेत गेलं. मग मी एका कादंबरीबद्दल खरं लिहिलं. आमच्याकडच्या नापिकीच्या, पडत्या सालांवर त्या दिवसांत सगळेच लिहीत होते. हा लेखक अमरावतीच्या एका हॉटेलात मुक्काम करून लिहून गेला होता, आणि मी म्हटलं, माल वरून पांढरा आहे, आत कवडी आहे. कवडी म्हणजे किडका कापूस.

बस्स. मोहोळ उठलं. ‘वऱ्हाडचा वाघ’ नावाच्या खोट्या खात्याने अशुद्ध मराठीत लिहिलं की मी शेतकऱ्यांच्या दुःखाला हसतो. दुसऱ्याने लिहिलं की ग्रेडर म्हणजे जन्माचा लुटारू. तिसरा माझ्या बाजूने आला आणि त्याने चौथ्याच्या वडिलांना मध्ये ओढलं. एकाने माझा फोटो टाकून भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. त्याखाली ओळखीच्या दोघांनी हात जोडले. कुलसुमबी रोज संध्याकाळी भजी तळून समोर बसायची आणि म्हणायची, “पढो जी, आगे क्या हुआ.” ती हसत होती, मी मात्र भ्यालो. तुतारीवाल्याचं तोंड दिसायचं, या वाघाचं दिसत नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तकाला ‘वाचनीय’ म्हणालो. पुस्तक अगदीच टाकाऊ असलं तर मुखपृष्ठाची स्तुती करायचो. हे इतकं फुटलं की भातकुलीच्या एका कवीचा फोन आला, “चच्चा, काही बी लिवा, पन कव्हरले सुंदर म्हनू नका.”

कलम ५. ‘वऱ्हाडचा वाघ’ सापडल्यास त्याला माझा शब्दकोश आणि माफी द्यावी. शब्दकोश आधी द्यावा.

कलम ६. माझे मित्र खुशालराव यांनी गेल्या दिवाळीत चारशे पानांची कादंबरी काढली. तेव्हापासून ते रोज विचारतात, “ब्लॉगवर कवा येते?” मी डोळ्यांचं निमित्त सांगतो. परीक्षण लिहून तयार आहे, ब्लॉगवर न छापता ठेवलं आहे. त्यात मी लिहिलं आहे की या चारशे पानांत एकही माणूस एकदाही हसत नाही. सगळे डोळ्याला पदर लावून बसले आहेत. आणि लिहिणारा कोण, तर तालुक्यातला सगळ्यात हसवणारा माणूस. त्या वाईट सालांत ज्या घरची चूल थंड दिसे त्या घरी हा मनुष्य जाऊन बसे, चावट गोष्टी सांगे, आणि घरधनी हसून जेवल्याशिवाय हा उठत नसे. असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो खुशालराव या पुस्तकात कुठेच नाही, म्हणून मला पुस्तकाचा राग आला. पण हे त्यांना कळलं तर चाळीस वर्षांची दोस्ती जाईल, आणि ती गेली तर माझ्याकडे संध्याकाळ उरणार नाही. सबब परीक्षण माझ्या मृत्यूनंतर नगमाने प्रकाशित करावं. घाई नको. माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला खुशालराव येतीलच, त्यांचं पोट भरल्यावर करावं.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पूर्ण झालं असं समजून मी साक्षीदार बोलावले.

पुरवणी, त्याच दिवशी लिहिलेली. साक्षीदार म्हणून मी खुशालराव आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांनाच बोलावलं. साक्षीदाराने फक्त माझी सही पाहायची असते, मजकूर नाही, या भरवशावर मी होतो. पण कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या कागदांवर गावाने न वाचता सह्या केल्या आणि त्या निस्तरल्या, तेव्हापासून आमच्याकडे कोणी न वाचता सही करत नाही. खुशालराव तर मोठ्याने वाचतात. हे मी चाळीस वर्षं ओळखून होतो आणि नेमकं आज विसरलो.

त्यांनी चष्मा लावला. पंख्यावर हसले, वाघावर हसले. कलम सहा आलं तेव्हा मी मोरीत हात धुवायला गेलो. मग हाक आली.

“दाऊद, इकडं ये बे.”

मी आलो.

“मी मेल्यावर टाक म्हनलं असतं तं समजलो असतो. तू मेल्यावर काहून? मंग मी भांडू कोनासंग?”

कुलसुमबी आतून म्हणाली, “मरे बाद तो सबीच सच बोलते.” खुशालरावांचे डोळे भरले होते आणि ते मला शिव्या देऊन राहिले होते, मोजक्या आणि निवडक. मी इतका हलका झालो की तिथल्या तिथे कॉम्प्युटर लावला. त्यांनीच खुर्ची ओढून दिली. परीक्षण जसंच्या तसं, एक शब्द न गाळता, दुपारी प्रकाशित झालं. पहिली प्रतिक्रिया माझ्याच खाटेवर बसून, माझ्याच कॉम्प्युटरवर, स्वतःच्या खऱ्या नावाने खुशालरावांनी लिहिली. ती परीक्षणापेक्षा लांब आहे.

सबब कलम सहा रद्द समजावं. बाकी कलमं कायम.

ठिकाण: चांदूर बाजार. दिनांक: ९ फेब्रुवारी २०१४.
सही: शेख दाऊद शेख गफूर

साक्षीदार पहिला: खुशालराव, धंदा शेती. दाऊदने माझ्यासमोर सही केली. मृत्युपत्र मान्य. परीक्षण साफ अमान्य.

साक्षीदार दुसरी: दुर्गाबाई खुशालराव. माझ्यासमोर दोघांनी सह्या केल्या. परीक्षण बरोबर आहे.