अण्णांची चाल

अण्णा, तुम्ही दारू पीत नव्हतात. आईला आणि मला ते ठाऊकच होतं, पण आता काकांच्या तोंडूनही निघालंय, म्हणून लिहायला बसले.

मला अजून दिसतं, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून सुटून तुम्ही बसमधून उतरता आणि भिंतीला हात लावत घराकडे येता. पाय बधिर, जीभ लालभडक, ताटातलं अन्न तसंच. 'स्वल्प पित्त झालंय,' म्हणत दुकानातून गोळ्या आणता. एकदा तुमचा तोल गेला आणि तुमच्या पाठचे भाऊ, आमचे काका, सगळ्यांदेखत म्हणाले, 'अण्णा, वहिनीकडे बघून तरी बाटली सोड.' मी त्यांच्या अंगावर धावले, तर तुम्ही मलाच रागावलात. 'मोठ्यांना उलटून बोलायचं नाही.' तो डाग घेऊनच तुम्ही गेलात.

गेल्या वर्षी माझीही बोटं बधिर झाली. मीही त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते. हातातला मायक्रोमीटर जाणवेना. भूक मेली, चाल बिघडली. येलहंक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बिणीनं पोट पाहिलं आणि कन्नडमध्ये शांतपणे समजावलं. माझं शरीरच माझ्या जठराच्या पेशींवर उठलंय. त्यामुळे आम्ल जवळजवळ बनत नाही. ते बनावं म्हणून गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढतच राहतं, आणि भूक लावणारं संप्रेरक मात्र घटतं. बी-बारा जीवनसत्त्व अंगी लागत नाही, म्हणून नसा उपाशी.

"घरात आणखी कुणाला असं होतं?" त्यांनी विचारलं. मी तुमच्याबद्दल सांगितलं.

"तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण सगळं जुळतंय. अशा माणसाचा तोल थेंबभर न पिताही जातो."

मी तिथंच रडले, पण दुःखानं नव्हे. आजार जन्मभराचा आहे, पोट अधूनमधून दाखवावं लागेल. पण इंजेक्शनं सुरू झाली आणि बोटांत हळूहळू जीव आला. आता मी पूर्वीसारखी मापं घेते आणि ताठ चालते.

मग काकांकडे गेले. आवाज न चढवता सगळं सांगितलं. ते वाकून आपले तळवे चोळू लागले. "माझेही तळवे जळतात," म्हणाले. "सरी, ठीक आहे. उद्या मलाही घेऊन चल." त्यांना तेच निघालं. वेळेत सापडलं, आता जळजळ थांबलीय.

परवा त्यांच्या नातीच्या बारशाला सगळे नातेवाईक जमले होते. काका आपणहून उठून उभे राहिले. "आमचा अण्णा आजारी होता. पीत नव्हता. मी चुकीचं बोललो," म्हणाले. आईनं पदर सावरला आणि मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

हे पत्र मी कुठं पाठवणार? पण तुम्हाला एक सांगते. काकांचं वाक्य मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. तरी मी मागून म्हणाले, "काय म्हणालात, काका?" आणि त्यांनी ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.