हवालदारासाठी शेत

मु. पिंपळझरी, ता. कोरपना
इद्दतीचा एकशे अकरावा दिवस

प्रिय संघप्रियाताई,

तुला जयभीम आणि आईंना माझा सलाम. त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे? दवाखान्यात तारीख मिळाली का, ते कळव. होस्टेलात तू माझ्या वाटचंही बोलून घ्यायचीस, म्हणून हे पत्र तुलाच लिहिते. (फोनवर बोलत नाही, कारण घरात हल्ली कान फार झाले आहेत.) माझी तब्येत ठीक आहे. हे गेल्यापासून मी घरातच आहे. आमच्यात नवऱ्यामागे बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं असतं, तीच इद्दत. मला तशीही कुठे जायची हौस नव्हती. हौस आहे ती बसायला येणाऱ्यांना.

हवालदार हा यांचा कुत्रा. आठ वर्षं शेतावर राहिला, घराकडे कधी फिरकला नाही. हे गेल्याच्या चौथ्या दिवशी तो आपणहून आला आणि अंगणात यांच्या चपलांजवळ बसला. (चपला मी अजून उचलल्या नाहीत. उचलेन.) तेव्हापासून दुखवट्याला येणारं माणूस यांच्याबद्दल दोन वाक्यं बोलतं आणि हवालदाराबद्दल तासभर. तेवढ्यात माझं रडून होतं. पहिल्याच आठवड्यात फुप्पी (यांची आत्या) पाणी पीत होती त्या लोट्याला त्याने नाक लावलं. कुत्र्याची लाळ लागली तर भांडं नीट धुवायचं, हे मला लहानपणापासून माहीत आहे, मी उठलेही होते. पण किती वेळा धुवायचं यावर वाद लागला. फुप्पी म्हणाली सात वेळा, त्यातलं एकदा मातीने. जब्बारभाई म्हणाले, आपल्याकडे तीन पुरे. (जब्बारभाई म्हणजे माझे जेठ, यांचे थोरले भाऊ, तुमच्याकडे भासरे म्हणतात.) एकमत होईना, म्हणून दोघांचं मन राखायला मी दहा वेळा धुतला. माझ्या लग्नात आला तेव्हाही तो लोटा इतका चमकत नव्हता. संध्याकाळी फुप्पी तो घेऊन गेली.

ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतीचे फरिश्ते येत नाहीत, हे मला सांगायला जब्बारभाई रोज येतात. रोज येतात आणि जेवून जातात. त्यांच्या स्वतःच्या लाकडाच्या टालावर दोन कुत्रे साखळीला बांधलेले आहेत, पण ते माल राखतात, म्हणून ते चालतात. सागवान राखणारा कुत्रा चालतो आणि एकट्या बाईचं दार राखणारा चालत नाही, एवढं मला समजलं. बाकीचं हळूहळू समजलं. यांनी निकाहातच मला चार एकर कपाशीचं शेत मेहेर म्हणून, म्हणजे बायकोच्या हक्काचं म्हणून लिहून दिलं होतं. जब्बारभाईंचं रोजचं बोलणं फरिश्त्यांपासून सुरू होतं आणि त्या शेतावर येऊन थांबतं. "दुल्हन, खेताचं टेन्शन तू काऊन घेते? माझ्या नावावर करून टाक, मी पाहून घेतो." इद्दत संपते त्याच दिवशी मला रजिस्ट्रीला न्यायला त्यांनी गाडीसुद्धा सांगून ठेवली आहे. मला कुणी विचारलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी नमाजनंतर ते मौलानांनाच घेऊन आले. अंगणात खुर्च्या टाकल्या. आमच्या शेताच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध असलेला पोचू (सध्या माझी कपाशी तोच पाहतो) खांबाला टेकून बसला होता. मी पडद्यामागे. जब्बारभाई म्हणाले, "मौलानासाब, तुमीच समजावा. कुत्ता हटत नाई, अन् हे त्याले रोज रोटी टाकून राह्यली." मौलाना तरुण आहेत, सावकाश बोलतात. त्यांनी सांगितलं की शेत, गुरं यांच्या राखणीला कुत्रा ठेवायची परवानगी आहे, शिकारीलाही आहे. नुसत्या शौकासाठी ठेवला तर ठेवणाऱ्याच्या नेकीतून, म्हणजे पुण्यातून, रोज थोडं कमी होतं. आणि उपाशी मारायची परवानगी कुणालाच नाही. शेवटचं वाक्य जब्बारभाईंनी ऐकलं नसावं. ते खूश होऊन म्हणाले, "ऐकलं, दुल्हन? खेत असंन तर कुत्ता. खेतच नाई राह्यलं तर कुत्ता कायले?"

ताई, बारा वर्षांत मी त्यांच्यासमोर 'चहा ठेवते' याच्यापुढे बोलले नव्हते. पडद्यामागून मी मौलानांना विचारलं, शेत माझ्याकडे राहिलं तर हवालदार तिथे राखणीला चालेल का? ते म्हणाले, चालेल. मग विचारलं, शेत जेठांना दिलं तर? ते जरा विचार करून म्हणाले, मग तुम्हाला कुत्रा ठेवायचं कारण उरत नाही. मी म्हटलं, तर मग माझा नाइलाज आहे. मुक्या जनावराला मी हाकलणार नाही, आणि रोज कमी होत जाईल इतकी नेकीही माझ्याजवळ नाही. शेत मला ठेवावंच लागेल.

मग पोचूने विचारलं, "जब्बारभाऊ, मंग गाडीवाल्याले नाई सांगू का?"

"तू चूप बैस बे," जब्बारभाई म्हणाले. मौलाना कपात बघत चहा पीत होते. बहुतेक हसत होते, पण पडदा जाड आहे, खात्रीने सांगत नाही.

आईंना जपा.

तुझी,
शमशाद

ता. क. जब्बारभाईंनी गाडी रद्द केलेली नाही, हे काल कळलं. एकोणीस दिवसांनी ती दारात उभी राहील. मी पडद्यामागून बोलले, ताई, पण गाडीत त्यांच्या शेजारी बसून मला नाही म्हणता येईल का, ठाऊक नाही. सवयीने मान हलेल आणि मग सहीही होईल. तू त्या दिवशी रजा काढून ये. तुला काही बोलावं लागणार नाही, नुसती जवळ बस.

ता. क. दुसरं, हे कुणाला सांगू नकोस. हवालदाराने आठ वर्षांत एकही रानडुक्कर हाकललेलं नाही. डुकरांची चाहूल लागली की तो यांच्या खाटेखाली शिरायचा आणि हेच उठून पत्र्याचा डबा बडवायचे. राखण हे करायचे, त्याचीसुद्धा. मौलानांनी तेवढं विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. यंदापासून डबा मी बडवीन.