सिकयाऊंची कबर

इपो, मलेशिया
४ मार्च १९९१

ती. कामहोईकाका यांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. इथल्या शाळेत मी चिनी शिकवते. माझे आजोबा लाउ सिकयाऊ तुमच्या गावचे. तरुणपणी ते इकडे आले आणि १९६८ साली इथेच वारले. गावच्या रीतीप्रमाणे प्रत्येक पिढीचा ठरलेला शब्द आमच्याही नावांत आहे: आजोबांच्या ‘सिक’, वडिलांच्या ‘वान’, माझ्या भावाच्या ‘काम’. गावच्या वंशावळीत आमची नावं चढावीत, एवढीच वडिलांची इच्छा आहे. त्यांची प्रकृती हल्ली बरी नसते.

कृपालोभ असावा.

आपली,
लाउ युएतलिंग

लाँगटाउ, तायशान, चीन
२ एप्रिल १९९१

श्रीमती युएतलिंगबाई यांस,
नमस्कार वि. वि.

सिकयाऊ माझे आजोबा. ते परतीच्या जहाजावर तापाने गेले; मी जन्मलो त्याच्या दहा वर्षं आधी. डोंगरावर त्यांची कबर आहे. छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, तिथलं गवत मी लहानपणापासून काढतो. मेलेल्या माणसाला तुमच्याकडे नातवंडं कशी झाली, ते तुम्हीच सांगा.

पिढ्यांचे शब्द छापील वंशावळीत आहेत, कुणीही पाठ करावेत. मागच्या साली हाँगकाँगचा एकजण असाच नातं सांगत आला. आमच्या घरी चार दिवस जेवला आणि जाताना पूर्वजांच्या नावांची पूजेतली पाटी उचलून घेऊन गेला. बायको म्हणते, उत्तरच देऊ नका. मी देतोय, कारण तुमचं अक्षर चांगलं आहे. छापलेलं नसेल असं काही ठाऊक असेल तर लिहा.

लोभाचं मागाहून बघू.

लाउ कामहोई

इपो
२१ एप्रिल १९९१

ती. कामहोईकाका यांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला, लपवत नाही. आम्ही घरावर हक्क सांगू अशी धास्ती असेल, तर तुमच्या घराची कौलंही आम्हाला नकोत. आणि ही कबरीची गोष्ट तुम्हीच रचली नाही कशावरून?

आजोबा गावाबद्दल बोलत नसत. विचारलं तर म्हणत, जेव आधी. पण कुठलाही पूल आला की ते वहाणा हातात घेत, अगदी इथला सिमेंटचा रुंद पूलसुद्धा. लोक हसायचे, मला लाज वाटायची. मी कारण विचारलं, तर म्हणाले, भिजलेल्या दगडावरून वहाण घालून जातो तो आईला रडवतो. याहून जास्त मला ठाऊक नाही.

पटलं तर कळवा, नाही तर राहू द्या.

युएतलिंग

लाँगटाउ
१९ मे १९९१

चि. युएतलिंग हिस,
अनेक आशीर्वाद.

ओढ्यावरच्या शिळेवरून आम्ही आजही अनवाणीच जातो, आणि पोरांना हेच वाक्य ऐकवतो. तुझं पत्र घेऊन मी आत्याकडे गेलो. आत्या म्हणजे सिकयाऊंची मुलगी; ते गाव सोडून गेले तेव्हा चार वर्षांची होती. तिने पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, कबरीत त्याचा अंगरखा आहे, माणूस नाही.

इपोहून परतलेल्या कुणीतरी सांगितलं होतं, त्याने तिकडे दुसरं घर मांडलंय. त्याच आठवड्यात आजीने पांढरे कपडे घातले आणि नवरा मेल्याचं सांगितलं. टाकलेली म्हणून जगण्यापेक्षा तिला विधवा होणं बरं वाटलं. आत्याला सगळं माहीत होतं. माझे वडील मात्र त्या अंगरख्याला नमस्कार करतच गेले. पोरी, दोन दिवस मला भात गेला नाही. राग कुणाचा करावा, तेच कळेना.

वंशावळीचं मी काढलं, तर आत्याने धुडकावलं. म्हणाली, मी जिवंत आहे तोवर आईचा शब्द गावात खोटा पडू देणार नाही. तेव्हा नावं चढणार नाहीत. तुझ्या वडिलांना कसं सांगायचं ते तू ठरव. ते माझे काका लागतात, त्यांना माझा नमस्कार. आणि मला काका म्हणू नकोस. एकाच आजोबांची आपण, मी तुझा दादा.

तू मात्र ये. गावात सांगू, बायकोच्या माहेरची आहे. आत्या तुझ्याशी बोलेलच असं नाही. पण काल तिने बदकाची अंडी मिठात घातली. घरात ती कुणी खात नाही म्हटलं, तर मलाच ओरडली. महिन्याने मुरतील. फार उशीर करू नकोस.

लोभ घरचाच आहे, मागायचा कसला.

तुझा,
कामहोईदादा