पांढऱ्या बुटांचा मान

४ ऑक्टोबर
आज फुटबॉलचे पांढरे बूट घेतले. कॉलेज सोडल्यापासून शांत डोक्याने घेतलेला पहिला निर्णय. शांत म्हणजे, दुकानदार काळेच पुढे करत होता तेव्हा काउंटरवर मूठ आपटली, तेवढंच. मेडिकलवाली परवा म्हणाली, मैदानावर सगळे सारखेच दिसता, तू कुठला ते कळतच नाही. मुलगी यापेक्षा स्पष्ट बोलत नसते. ती कॅप्टनची धाकटी बहीण. दर मॅचला, प्रॅक्टिसलाही मलमपट्टीची पेटी घेऊन लाइनबाहेर बसते.

६ ऑक्टोबर
प्रॅक्टिस. बूट बघून सगळ्यांचा जळफळाट. कॅप्टन वेल्डर आहे, बोलतोही ठिणग्या उडवत. म्हणाला, गोल मारल्याशिवाय आपल्यात पांढरे घालत नाहीत. विचारलं, कुठे लिहिलंय? म्हणाला, लिहायचं कशाला, पायावर उमटतं आपोआप. मग सगळ्यांनी चेंडू सोडून माझे घोटे तुडवले. सर्वांत जोरात बेकरीवाला, आमचा विंगर. स्वतःचे काळे बूट चिकटपट्टीवर जगतायत, आणि वर म्हणतो, सॉरी, दिसले नाहीत. त्याच्या बरगडीत कोपर घातलं. त्याने माझं नाक फोडलं.
तिने नाकात कापूस कोंबला. दोन्ही नाकपुड्यांत. रक्त एकीतूनच येत होतं.
संकल्प: रागावर ताबा.

७ ऑक्टोबर, सकाळ
दीर्घ श्वसन सुरू. नाकाने जमत नाही, तोंडाने केलं.

११ ऑक्टोबर
लीग मॅच. मला अडवायला समोरचा स्टॉपर, मटणवाला. मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. माझे बूट बघून म्हणाला, नवरदेव आलाय, चालवू नका, उचलून न्या. उचललंच, नडगीवरून. साल निघाली. मी त्याचा कान धरला. थोडा दातांनी. पिवळं कार्ड.
आईने मोजे भिजत घातले. म्हणाली, खेळायला जातोस की कोंबड्या कापायला? आईला खेळातलं कळत नाही.
कॅप्टनचा निरोप: फायनलला काळे घाल, नाहीतर बाहेर बस. काळं करायचंच तर तोंड करीन, बूट नाही. ती बघणार आहे.

१८ ऑक्टोबर
फायनल. पांढरेच. कॅप्टनने कॉलर धरून भिंतीला दाबलं, पण अकरावा माणूस आला नव्हता, म्हणून सोडलं. नैतिक विजय.
पुन्हा तोच मटणवाला. पहिल्याच चेंडूला माझ्या पायावर उभा राहिला, आणि राहिलाच. आत काहीतरी कडकन मोडलं. मी ताबा ठेवला. मग त्याच्या तोंडावर डोकं हाणलं. त्याचा दात माझ्या कपाळात रुतला. लाल कार्ड.
ती धावत आली. आधी मटणवाल्याकडे गेली, पण तिथे रक्त जास्त होतं.
उरलेले दहा जण जिंकले. गोल बेकरीवाल्याचा. मी नसल्यामुळे त्याला जागा मिळाली.

२५ ऑक्टोबर, दुपार
ती घरी आली. एकटी. आईला स्वयंपाकघरात पिटाळलं, प्लास्टरचा पाय उशीवर रुबाबात ठेवला. तिने कपाळाची पट्टी बदलली. मग खाली बघत विचारलं, तुझा बुटाचा नंबर काय रे? सांगितला. दोनदा.
म्हणाली, बरं झालं, त्याचाही तोच. बेकरीवाल्याचा. आता त्याने गोल मारलाय, आणि तुझे नुसते पडूनच राहणार ना.
म्हटलं, ने. आईने कॉटखालून काढून दिले, रक्त पुसून.
लेस मात्र मी काढून ठेवल्या होत्या. त्या देणार नव्हतो.
तिने मागितल्या. दिल्या.