कच्च्या पेशी

८ ऑगस्ट १९७८, मंगळवार

अजून विश्वास बसत नाही. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या सरांनी मुंबईच्या मित्राने पाठवलेला लेख वाचून दाखवला – ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी न मारता पिकवता येतात!

पंधरा वर्षं या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा बघते आहे. या रोगात पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात आणि कच्च्याच वाढत सुटतात. औषध म्हणजे त्यांना मारायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. आणि तिकडे कुणी बशीतल्या पेशींवर एक साधं द्रावण घातलं, तर पाच-सहा दिवसांत त्या वयात आल्या. वाढणं बंद.

द्रावण कुठलं? डायमेथिल सल्फॉक्साइड. ते तर आमच्या फळीवर आहे! नायट्याच्या खपल्या तपासायला वापरतो.

सर म्हणाले, "बशीतलं बशीतच राहू द्या, दाक्षायणीबाई." मी कुणाचा विचार करते आहे हे त्यांना कळलं होतं. नागप्पा, माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा. मे महिन्यात त्याची काच मीच पाहिली होती. तोच रोग.

९ ऑगस्ट

आमची आई, अव्वा, रोजच्यासारखी डबा घेऊन प्रयोगशाळेत आली, तिला सगळं सांगून टाकलं. राहवलंच नाही. "कुटली बाटली?" म्हणाली. दाखवली. तिने हातात घेऊन वास घेतला. "पाण्यावानी दिसतंय की."

तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्याबरोबर पोटभर भाकरी खाल्ली.

१४ ऑगस्ट

नागप्पाला ताप नाही. गोळ्या चालू.

२१ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. उपास सोडताना नागप्पाजवळ बसले, तर तोंडाला लसणाचा वास! श्रावणभर आमच्याकडे कांदा-लसूण घरातसुद्धा येत नाही. वाटलं, गेला असेल बाजारात भजी चापायला. या तब्येतीत! फाडफाड बोलले.

"अक्का, देवाशपथ खाल्ला न्हाय."

अव्वा ताटं उचलून आत गेली. एरवी तिनेच घर डोक्यावर घेतलं असतं.

२२ ऑगस्ट



सकाळी खपल्यांची काच करताना बोटांवर थोडं द्रावण सांडलं. जरा वेळाने माझ्याच तोंडाला लसणाची चव. चूळ भरली, तोंड घासलं, जाईना. कातडीतून सरळ रक्तात जातं ते – हे मला ठाऊक होतं की! फळीवरची बाटली उचलली. निम्म्याच्याही खाली.

घरी आले आणि अव्वापुढे हात केला. काही विचारावं लागलं नाही. देव्हाऱ्यामागून तेलाची कुपी काढून तिने माझ्या हातावर ठेवली. बारा दिवस! डबा आणल्यावर मी काच बघायला पाठ फिरवली की ती कुपी भरून घ्यायची.

"तूच म्हनलीस की, पिकत्यात म्हनून. पोटात घातलं न्हाय मी. पाटीला चोळलं निस्तं."

नागप्पाचा सदरा वर केला. पाठ लालभडक, खवले निघालेले. माझ्या आईने चोरी केली. आणि वाट मी दाखवली! दिव्याखाली किती वेळ त्या पाठीकडे बघत बसले कोण जाणे.

२३ ऑगस्ट

सरांना सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "बशीत लागतं तेवढं अंगात भिनवायचं तर आधी माणूसच जाईल, बाई."

मग दोघांनी नागप्पाची काच पाहिली. शंभरात एकाहत्तर कच्च्या. मागच्या खेपेला चौसष्ट होत्या.

मी दुसऱ्यांदा मोजल्या. एकाहत्तर.

३० ऑगस्ट

नागप्पावर उपचार करणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र. आता इंजेक्शनांचा उपयोग नाही, घरीच ठेवा. तीन ओळी. बाकी कागद कोरा.

अव्वाला वाचून दाखवलं नाही. नागप्पाने मागून घेतलं, वाचलं, घडी करून परत दिलं. मग म्हणाला, "त्या बाटलीनं काय होत न्हाय, मला ठाऊक होतं, अक्का. पन चोळताना अव्वा रडायची थांबायची. म्हनून पडून राहायचो."

एवढ्याशा पोराला हे सुचलं. मी मात्र त्या दिवशी त्याच्यावर तोंड सोडलं होतं. लाज वाटते.

३ सप्टेंबर, रविवार

काल येताना बाटली घेऊन आले. आज नागप्पाची पाठ मीच चोळली. अव्वाला बरं वाटावं म्हणून रे, असं त्याला सांगितलं.

खोटं. शनिवारी लेखातले सहा दिवस होतात. शनिवारी मी त्याची काच बघणार आहे.