विभक्त की अविभक्त

अहमदनगर,
९ सप्टेंबर १९७२

प्रिय कृपा,

तुला आणि मनकर्णेला सप्रेम सलाम. आम्ही बरे आहोत. पाऊस नाही. मैदा मिळत नाही, म्हणून बेकरीची भट्टी दिवसाआड पेटते. बाबा मात्र रोज पहाटे उठून तिच्यासमोर बसतात.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. बाबांच्या नावे इन्कम टॅक्सची नोटीस आली. विवरणपत्र वेळेवर भरलेलं, कर भरलेला. नोटीस इंग्रजीत. शब्द सगळे कळले, वाक्य कळेना. शेवटी उलगडलं ते असं : तुम्ही ख्रिस्ती असून ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ म्हणून विवरणपत्र कसं भरलं?

वकिलांचा कारकून रंगनाथ याला गाठलं.

“ताई, मी विचारलं होतं बाबांना. कुटुंब विभक्त की अविभक्त? ते म्हणाले, अविभक्त. मी लिहिलं.”

“आम्ही ख्रिस्ती आहोत, रंगनाथ.”

“दर नाताळाला तुमचा केक खातो, तरी ध्यानात आलं नाही बघा.” मग म्हणाला, “कायद्यानं ख्रिस्ती माणसाला अविभक्त कुटुंब नसतं. ज्याचा तो सुटा.”

उपाय सोपा होता. चुकून लिहिलं गेलं, एवढं कळवायचं. मी उत्तर तयार केलं आणि बाबांना मराठीत सांगितलं.

“चुकून न्हाई,” बाबा म्हणाले. “त्यानं इचारलं, मी सांगितलं.”

“कायद्याचा शब्द आहे तो, बाबा.”

“आसंल. आपन वाटन्या कुठं केल्या? पोरगं कामाला गेलंय.”

पाच वर्षं ते असंच म्हणतात. हिंदूची मुलगी या घरात जेवायला बसणार नाही, हे तेच म्हणाले होते, आणि तू त्याच दिवशी भुसावळला गेलास. ते त्यांच्या लक्षात नाही असं मला वाटायचं.

मी चिडून म्हटलं, “मग सांगा, कोण कोण आहे या कुटुंबात?”

“मी. तू. कृपा.” भट्टीतलं फावडं त्यांनी हातात घेतलं आणि पुसत राहिले. ते स्वच्छच होतं. “आन् मनकर्ना.”

त्यांना तिचं नाव माहीत आहे हे मला ठाऊक नव्हतं.

सही त्यांनी केली नाही. म्हणाले, “कृपाला येऊन सांगू दे, मी सुटा हाय म्हून. मंग करतो.”

उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं आहे. रंगनाथ रोज डोकावतो. मी त्याला सांगते, बाबांना बरं नाही. खरं तर ते बरे आहेत. आणि कागद सहीविना राहिला याचं मला वाईट वाटलं नाही, हेही खरं.

जेवायच्या टेबलाला आता चार खुर्च्या आहेत. चौथी बाबांनी सुताराकडून आणली. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

दोघं या. बाबांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मनमाडला गाडी बदलावी लागते, विसरला नसशील.

तुम्हा दोघांची,
दया